खुशालरावांचा हंडा

त्या हिवाळ्यात खुशालरावांच्या घरात कापूस राहत होता आणि माणसं उरलेल्या जागेत राहत होती. सातासमुद्रापलीकडे गोरे गोऱ्यांशी लढत होते, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि इकडे भातकुलीत भाव चढत होता. शेजारच्या जानरावांनी आपला माल विकून बैलांच्या शिंगांना चांदी मढवली. खुशालराव मात्र "अजून चढू दे" म्हणत ढिगावर ढीग रचत होते. पडवी भरली, अंगण भरलं. शेवटी ठिणगीच्या भीतीने त्यांनी अंगणातलं आंघोळीच्या पाण्याचं चुलाण विझवून त्यावर चिखल थापला. घरात चूल पेटायची ती भाकरीपुरती.

पार्वताबाईंनी नवऱ्याशी डोकं लावलं नाही. लेक जमुना पहिल्या बाळंतपणाला आली होती, नुकताच मुलगा झाला होता. बाळाच्या पाण्यासाठी त्या सकाळीच तांब्याचं पसरट घंगाळ पुढच्या ओट्यावर उन्हात ठेवत. दुपारी पाणी छान कोमट होई.

बारसं जवळ आलं तशी खुशालरावांची झोप उडाली. तिवशाहून व्याही भगवंतराव येणार होते. दोन वर्षांमागे मार्गशीर्षात जमुनेच्या लग्नात त्यांना गार पाण्याने आंघोळ घडली होती आणि तेव्हापासून चारचौघांत ते सांगत, "भातकुलीवाले कापूस पिकवतेत, पानी तापवत नाईत." जमुनेला तर हे सासरी उठताबसता ऐकावं लागे.

"बाबा, यंदा तरी त्याईले गरम पानी द्या," ती म्हणाली. "नाई तं मले जलमभर आयकनं हाय."

लेकीचा चेहरा पाहून खुशालराव अंगणात गेले, ढिगांभोवती एक फेरी मारून आले. पण चुलाण पेटवायची त्यांची हिंमत होईना.

"अजून चार घंगाळं आना," पार्वताबाई म्हणाल्या. "उन्हात मांडू. समदे नाहातीन."

"घंगाळं मांडून दुकान लावाचं हाय का? एकच भांडं आनतो, पन असं आनतो का तिवसा पाहात राहीन."

अमरावतीच्या गोवर्धन तांबटाने विचारलं, "मानसं किती?"

"घरचे समदे. मंग इवाई, इहीन, त्याईचे भाऊ."

"मंग हा हंडा पुरे."

"आन गाडीवान नाई का नाहानार? पावने पावन्याईले घेऊन येतेत."

"थोडा मोठा करू."

"थोडा काहून? ऊन का इकत घेऊन राहिलो मी? फुकटचं ऊन, हंडा केवढाबी असो."

गोवर्धनने लगेच माप वाढवलं. तांब्याचं भांडं वजनावर विकलं जातं.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी हंडा बैलबंडीतून आला आणि दारात अडला. उभा घातला, आडवा घातला, तिरका घातला. दाराची चौकट काढावी असं खुशालरावांच्या मनात आलं, पण पार्वताबाईंनी नुसतं पाहिलं आणि ते मनातल्या मनातच राहिलं. हंडा गल्लीत बसला.

सकाळी विहिरीवरून पाणी सुरू झालं. बाया दमल्या, मग गडी दमले. हंडा भरला तेव्हा सूर्य डोक्यावर होता, आणि तो कलताच जानरावांच्या निंबाची सावली नेमकी हंड्यावर आली.

"जानराव, तुमचं झाड पाहा ना."

"झाड जागेवरच हाय. हंडा तुमी आनला."

मग हंडा सरकवायचं ठरलं. भरलेला हंडा हलेना, म्हणून अर्धं पाणी ओतलं. हंडा हलला, गल्लीत चिखल झाला, आणि ओतलेल्या पाण्याच्या जागी विहिरीचं ताजं गार पाणी पडलं. शेवटची घागर रिकामी होते न होते तोच तिवशाची दमणी बैलांची घुंगरं वाजवत आली.

भगवंतराव उतरले आणि हंड्यासमोर थबकले. "वा इवाई. कमाल केली." त्यांनी कोपरापर्यंत हात बुडवला. बाहेर काढला तेव्हा त्यावर काटा आला होता.

"तुमच्या भातकुलीचं पानी लय इमानी," ते म्हणाले. "लग्नात होतं तसंच हाय."

"जरासं ऊन लागलं का—"

"मी बसतो ना इथं वैशाखापर्यंत. आंघोळ नाई तं जेवन नाई. पोराचं नाव तुमीच ठेवा, आमी निंगतो."

दारात जमुना बाळाला घेऊन उभी होती. तिने पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात आतून दणदण आवाज आला. पार्वताबाई पहारीने चुलाणावरचा चिखल फोडत होत्या.

"चुलानात पऱ्हाट्या पेटवून राहिली मी," त्या म्हणाल्या. "तुमी तुमचा कापूस पाहा."

"अवं, कुठी नेऊ आता?"

व्यापाऱ्याचा माणूस रोजच्यासारखा रिकाम्या बंड्या घेऊन नकार ऐकायला आलेलाच होता. खुशालरावांनी एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. "ने," ते म्हणाले आणि त्यांनी ढिगाकडे पाठ फिरवली.

घर, पडवी, अंगण रिकामं करायला सगळे लागले. आंघोळीची घाई झालेल्या भगवंतरावांनी स्वतः गाठोडी बांधली. मग चुलाण पेटलं, पाणी वाफाळलं. व्याही पोटभर न्हाले, पोटभर जेवले आणि नातवाला मांडीवर घेऊन म्हणाले, "जमुने, घरी आल्यावर पानी असंच तापवजो." जमुना हसली. खुशालराव मोकळ्या अंगणात बसून पुटपुटत होते, "अजून चढला असता."

होळीच्या सुमाराला बातमी आली की गोऱ्यांची लढाई संपत आली. भाव विहिरीत दगड पडावा तसा पडला. ज्यांनी साठवला ते कापसावर बसून राहिले. गाव खुशालरावांच्या ओट्यावर जमलं.

"तुमाले कसं समजलं, बापा?" कापसावर बसलेल्या नत्थुजींनी विचारलं.

"समजते कशाचं? पानी थंड होतं, म्हून इकला."

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. मोठी माणसं अशीच कोड्यात बोलतात. नत्थुजी उठले, गल्लीतल्या हंड्याभोवती त्यांनी दोरी फिरवली, मापावर गाठ मारली आणि ती कनवटीला लावली.

"अमरावतीले चाललो. याच्याहून हातभर मोठाच सांगतो."

"अरे, नका घेऊ मोठा," खुशालराव कळवळून म्हणाले. "पानी तापत नाई त्यात."

"पाहा," नत्थुजी बाकीच्यांना म्हणाले, "आता आपल्याले घेऊ देत नाईत."

आणि सगळे दोऱ्या शोधायला घरी पळाले.