ताकद शून्य, चिवटपणा नऊ

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला माझा आहे. (उजवा. डाव्याने जरा कमी ऐकू येतं.) त्या रविवारी बायको शिवणाच्या क्लासला गेली आणि मी एवढंच ठरवलं, की भिंतीवरचं वाकडं कॅलेंडर सरळ करावं. ते करताना कान आपोआपच टेकतो.

पलीकडे दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको राहतात. ती शाळेत गणित शिकवते. त्यांच्या घराची जादा किल्ली माझ्याकडे असते, अडीअडचणीसाठी. ती मी जिवापाड जपतो. या वयात आपल्यावर एवढा विश्वास दुसरं कोण टाकतं?

तेवढ्यात मास्तरीणबाईंचा थंड आवाज आला, "मी म्हातारीचा बळी देते."

माझ्या हातातला खिळा पडला.

"दे ना," डॉक्टर म्हणाले. "विषारी आहे ती. जाताना तुझे दोघं घेऊन जाईल."

"मग आधी झोपवते. झोपेत विष चालत नाही."

अहो, परवाच डॉक्टरांच्या आई बॅग घेऊन राहायला आल्या होत्या! एका पायात चप्पल, हातात किल्ली, आणि "आजी, उठा! झोपू नका!" असं ओरडत मी त्यांचं दार उघडून थेट आत.

टेबलाभोवती तिघं. आजी ठणठणीत. हातात पंख्यासारखे धरलेले पत्ते.

"काय झालं, काका?"

"तो... बळी..."

"हिचा?" मास्तरीणबाईंनी पत्ता दाखवला. दलदलीत उभी एक म्हातारी चेटकीण. त्या खेळात म्हणे प्रत्येक पत्त्याची वेगळी करामत. कुणी विष सोडतं, कुणी मेल्यावर पुन्हा उठतं.

मी ओशाळून आजींच्या मागे उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "वा, आजी! तीन डोक्यांचा ड्रॅगन लपवलाय की तुम्ही!"

आजींनी पत्ते आपटले. "गेला डाव! आता मलाच मागावी लागणार."

"काय?"

सगळे छताकडे बघायला लागले. शेवटी आजीच म्हणाल्या, "जो हरेल त्याने तुमच्याकडून किल्ली परत मागायची, असं ठरलं होतं."

मी हबकलोच. "मी कधी तिचा गैरवापर..." वाक्य तिथेच राहिलं. किल्ली माझ्या हातात होती.

मुकाट्याने ती टेबलावर ठेवली, तर तिथे हाताने रंगवलेला एक पत्ता. माझ्या मिशा, माझाच बनियन! खाली लिहिलेलं: 'शेजारचे काका. दार बंद असलं तरी आत येतात. समोरच्याचे पत्ते बघतात. ताकद शून्य, चिवटपणा नऊ. एकदा आले की तीन डाव हलत नाहीत.'

"कुणी काढला हा?"

"सगळ्यांनी मिळून," डॉक्टर पुटपुटले.

ताठ मानेने बाहेर पडलो. आमचं दार वाऱ्याने लागलेलं, आमची किल्ली आत. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांची बेल वाजवली.

चार कप चहा आणि सात डाव झाल्यावर बायको उगवली. मास्तरीणबाईंनी हातातला पत्ता तिच्यासमोर टाकला. "परतीचा मंत्र! प्राणी मालकाच्या हाती परत."

बायकोने पत्ता वाचला. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग हळूच विचारलं, "हा मंत्र नाकारता येतो का हो?"

"नाही!" आजी घाईघाईने म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम."