आधी बर्फ, मग हार

आमच्या मोशीच्या सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं की मोरखंडे ओळख करून घ्यायला जातात, चहा पितात, आणि निघताना चपला घालता घालता सांगतात, "एक सूचना हाय. मी मेलो की आधी बर्फ आणायचा. रडारड, हार, पाव्हणे, सगळं नंतर. पोट गार ठेवायचं." बिऱ्हाड नवीन असतं. ते बिचारं मान हलवतं आणि दार लावून घेतं.

मोरखंडे मूळचे उदगीरकडचे. चाकणला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहेत. मशीनच्या वर आवाज चढवायची सवय लागल्यामुळे त्यांची नवरा-बायकोतली कुजबुज मला समोरच्या फ्लॅटमध्ये टीव्ही चालू असतानाही ऐकू येते. त्यांच्या कंपनीत एक रिवाज आहे. बिघडून परत आलेला पार्ट भंगारात टाकायचा नाही, आधी कापून आत बघायचं. हा रिवाज मोरखंड्यांनी घरी आणला. मिक्सर कापला. इस्त्री कापली. एकदा सोसायटीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह कापला, आणि तो बिघडलेलाच नव्हता हे कापल्यावर कळलं. सगळी सोसायटी टँकरच्या पाण्यावर आली. अध्यक्ष त्यांच्या अंगावर धावून गेले, तर हे म्हणाले, "पण आता खात्री झाली का न्हाई?"

त्यांच्या मते त्यांचं स्वतःचं स्वादुपिंड हाही असाच एक परत आलेला पार्ट आहे. फक्त अजून कापायची सोय नाही.

तरुणपणीच त्यांना मधुमेह झाला. खाऊन-पिऊन सुटलेल्यांना उतारवयात होतो तो नव्हे. यात शरीराची संरक्षण यंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. मोरखंड्यांच्या भाषेत, "गेटवरच्या सिक्युरिटीनं आपलेच कामगार चोर म्हणून बडवले. लाईन बंद. आता माल भायरून मागवायचा." हा बाहेरचा माल ते लग्नाच्या पंगतीत, सर्वांसमक्ष, शर्ट वर करून पोटात टोचून घेतात आणि वाढप्याला हाक मारतात, "हां, आता येऊ द्या जिलबी!" समोर बसलेल्यांची जेवणावरची वासना उडते. ह्यांची काही उडत नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या सायलीला तोच आजार निघाला. पोर पाचवीत. गावाकडच्या बायकांनी फोनवर निकाल देऊन टाकला, की आईनंच लाड करून गोड खायला घातलं. सायलीची आई लताबाई रडायला लागल्या. मोरखंड्यांनी फोन हिसकावून घेतला आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असे ओरडले, "पार्ट कापल्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं न्हाई!"

ओरडले खरे, पण त्यांच्या मनात एक नाव होतंच, आणि ते त्यांचं स्वतःचं. आपल्यामुळे पोरीला हे झालं की काय, या शंकेनं त्यांना पोखरलं होतं. जिन्यात भेटले की पूर्वी व्हॉल्व्हबद्दल बोलायचे, आता आनुवंशिकतेबद्दल बोलू लागले.

एकदा ते मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी मराठीचा मास्तर, मला त्यातलं काय कळणार? पण गाडी माझी होती.

डॉक्टर सज्जन होते. त्यांनी समजावून सांगितलं, की प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळी एकाच वेळी काम करत नाहीत.

"म्हणजे कंपनीच की!" मोरखंडे खूश झाले. "हजेरीला सगळे, कामाला चार."

डॉक्टर हसले. म्हणाले, की अशा रुग्णांच्या स्वादुपिंडात कुठली जनुकं गप्प होतात आणि कुठली जास्त जोरात चालतात, हे आता एकेका पेशीत शिरून बघतात. इन्सुलिनच्या पेशी स्वतःच काही खुणा दाखवून हल्ला ओढवून घेतात, अशीही शंका आहे. पण जिवंत माणसाच्या स्वादुपिंडाचा तुकडा काढणं धोक्याचं. म्हणून बहुतेक अभ्यास मेल्यानंतर दान केलेल्या स्वादुपिंडावर होतो, आणि तेही फार लवकर काढावं लागतं, कारण ते लगेच नासतं.

"माझं घ्या," मोरखंडे म्हणाले. "आत्ताच घ्या. तसं बी बंदच हाय."

"अहो, इन्सुलिनचं काम बंद आहे. पचनाचं चालू आहे. जिलबी कशी पचते मग?"

"बरं, मेल्यावर घ्या."

अशी सोय जवळपास कुठे आहे ते डॉक्टरांना माहीत नव्हतं. ते सज्जन असल्यामुळे "चौकशी करतो" म्हणाले. सज्जन माणसानं असं कधी बोलू नये. मोरखंडे परतीच्या वाटेवर मला सांगत होते, "डॉक्टर चौकशी करायलेत, सर. तोवर आपली तयारी पायजे." आणि त्या दिवसापासून बर्फ सुरू झाला. वॉचमन पठाणचाचांकडून तर त्यांनी अक्षरशः घोकून घेतलं. गेटसमोरच्या रसवंतीवाल्यालाही सांगून ठेवलं.

परवा संध्याकाळी मोरखंडे कंपनीच्या बसमधून उतरले आणि पार्किंगमध्ये येऊन मटकन खाली बसले. घामानं थबथबलेले, डोळे भलतीकडेच. काहीतरी पुटपुटत होते. साखर खाली गेली होती, पण ते कळणार कुणाला? पठाणचाचांना घोकलेलं तेवढं आठवलं. ते धावत रसवंतीत गेले, बर्फाच्या लादीचा मोठा तुकडा घेऊन आले, मोरखंड्यांचा शर्ट वर केला आणि तो पोटावर ठेवून स्वतः रडायला लागले. उसाचा रस तिथेच राहिला, बर्फ तेवढा आला! मीही शहाणा, गडबड ऐकून खाली आलो आणि तुकडा घसरू नये म्हणून धरून बसलो.

तेवढ्यात सायली क्लासहून आली. तिनं दप्तर उघडून ग्लुकोजची पुडी काढली, बाटलीतल्या पाण्यात ढवळली, आणि "पप्पा, गिळा. गिळा म्हणते ना!" असं दटावत घोट घोट पाजलं. मग आम्हा दोघा म्हाताऱ्यांकडे असं काही पाहिलं, की मी बर्फ सोडून दिला.

थोड्या वेळानं मोरखंड्यांची नजर ठिकाणावर आली. त्यांनी पोटाकडे पाहिलं. "शाबास, चाचा. प्रोसेस बरोबर हाय."

"काही बरोबर नाही!" सायली ओरडली. "कशाला कापायचंय तुम्हाला सारखं?"

"अगं, कळाय नको का?" त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली गेलेला ऐकला. "हे तुला माझ्याकडनं आलं का ते."

"तुमच्याकडूनच आलं असेल. मग? मला पण साखर कमी झाली की अस्साच घाम येतो, असंच काहीतरी बडबडायला होतं. म्हणून तर मला कळलं. सर एवढे शिकलेले, त्यांना कळलं का? मम्मीला तरी कळलं असतं का?"

मोरखंडे पार्किंगमध्ये सगळ्यांदेखत ढसाढसा रडू लागले. पठाणचाचांनी त्यांना साथ दिली.

सायलीनं दप्तरातून शुगर तपासायचं मशीन काढलं आणि त्यांचा हात पुढे ओढला. "रडा," ती म्हणाली, "पण बोट हलवू नका."