चढ आधी पायी बघावा

मेहुण्यांच्या घरासमोरचा चढ अठरा अंशांचा होता. औषधाच्या दुकानदाराने कोनमापकाला दोऱ्याने नट टांगून तो दोनदा मोजला होता. गेल्या वर्षी याच ओल्या गवतावर त्याची गाडी घसरली, मेहुण्यांनी ती ट्रॅक्टरने ओढून काढली आणि भेटेल त्याला वर्षभर तिखटमीठ लावून ती हकिगत सांगितली. म्हणून यंदा दुकानदाराने डोंगरावर गाडी चालवण्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. गाडी थेट दारात लावायचीच, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

"आता बसायचं का गाडीत?" बायकोने विचारलं.

"आधी चढ पायी बघायचा. नियम आहे."

तो वर जाऊन, वाटेतल्या मोठ्या दगडांवर खडूने फुल्या मारून आला. मग पहिला गिअर आणि नाकासमोर सरळ. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर वर मेहुणे दिसले. ट्रॅक्टरवर, मांडीवर दोर घेऊन तयारीत बसलेले. दुकानदाराचा क्लचवरचा पाय चुकला आणि गाडी बंद पडली.

"वळवा ना मग," बायको म्हणाली.

"चढावर वळवायची नसते. आडवी झाली की कलंडते."

त्याने रिव्हर्स टाकून गाडी सरळ खाली आणली. दुसऱ्यांदा चाकं जागच्या जागी फिरली. पुन्हा खाली.

वरून आवाज आला, "जावईबापू, येताय की तिथूनच निघताय?"

प्रशिक्षणात मिळालेल्या पुस्तिकेतला शेवटचा नियम होता: जमत नसेल तर चढू नये. तो पाळणं सगळ्यांत जड गेलं. पण त्याने गाडी सपाटीवर लावली. बायकोने त्याच्या हातातली जड पिशवी घेतली.

मेहुण्यांना कुठला धीर. ते ट्रॅक्टर घेऊन खाली निघाले आणि थट्टा नीट ऐकू जावी म्हणून मधेच तो वळवला.

"दादा, आडवा नका घालू, सरळ या," दुकानदार ओरडला.

तोवर खालचं चाक रुतलं. ट्रॅक्टर कलला आणि फुली मारलेल्या एका दगडाला टेकून थांबला. मेहुणे वर पुतळ्यासारखे.

"खालच्या बाजूला उतरू नका. वरच्या अंगाने या. हात धरा माझा."

मेहुण्यांनी धरला. जमिनीवर आल्यावरही बराच वेळ सोडला नाही.

वाटेत दुकानदाराने पुस्तिकेतले नियम सांगितले, आणि तिघं चालत वर पोचले. वहिनी दारातच उभ्या होत्या. "काय, यंदा कोणी कोणाला ओढलं?"

वर्षभराची परतफेड दुकानदाराच्या जिभेच्या टोकावर आली होती. त्याने मेहुण्यांच्या चिखलाने भरलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"कोणीच नाही. चालत आलो."

"आणि ट्रॅक्टर कुठंय?"

मेहुणे खाकरले. "चढ आधी पायी बघायचा असतो. नियम आहे."

"पंचवीस वर्षं राहताय इथे. आज बघितलात?"

ओटीवर बसल्यावर मेहुणे दुकानदाराकडे झुकले. "कितव्या पानावर आहे हो ते?"

"पहिल्याच," तो म्हणाला, आणि मेहुण्यांनी आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.