वाल्देमारसाहेबांची वर्षअखेरची सफाई

मोन्तेविदेओच्या त्या बस कंपनीत वाल्देमारसाहेबांनी भिंतीवर पाटी लावली होती : ‘कंटेनर म्हणजे कागदी रुमाल. वापरा आणि फेका.’ कंटेनर म्हणजे संगणकातली तात्पुरती खोली. ती पुसली की आतलं कामही जातं. साहेबांना हे एका शिबिरात नुकतंच कळलं होतं, म्हणून ते फार ठासून सांगत.

नेमकं उन्हाळ्यातल्या किनाऱ्याच्या बसचं सगळं वेळापत्रक गास्तोनने पाच आठवडे खपून अशाच एका खोलीत बनवलं होतं. बाहेर ठेवायचं राहूनच गेलं. आणि वर्षातल्या शेवटच्या कामाच्या दिवशी सकाळी साहेबांनी जाहीर केलं, “बरोब्बर बाराला मी सगळे कंटेनर पुसणार!”

गास्तोन निबियाबाईंच्या टेबलाशी धावला. अडतीस वर्षं पेन्सिलीने वेळापत्रकं आखलेली ही बाई.

“बाई, मेलो! माझं काम आतच आहे.”

“मग काढ की बाहेर.”

“जतन करायची परवानगी साहेबांकडेच. मागितली तर हाकलतील.”

“पाच आठवडे रुमालावर लिहीत बसलास? शाबास! आमच्या वेळी गाढवांना निदान नोकरी मिळत नव्हती. छाप सगळं.”

“कागदावर?”

“नाही, माझ्या कपाळावर!”

एकेका मार्गाचं एक, अशी एक्केचाळीस पानं निघाली. गठ्ठा खिडकीजवळ ठेवून बाई थर्मास भरायला गेल्या.

बाराला साहेबांनी बटण दाबलं. टाळ्या झाल्या. मग जुन्या शहराच्या रिवाजाप्रमाणे खिडक्या उघडल्या आणि कचेरीकचेरीतून सरत्या वर्षाच्या कॅलेंडरांची पानं रस्त्यावर उडू लागली. उत्साहाच्या भरात साहेबांनी हाताला लागला तो गठ्ठाही भिरकावला.

“साहेब, ते वेळापत्रक होतं!” गास्तोन किंचाळला.

“संगणकात असेल ना?”

“होतं. आत्ताच पुसलंत तुम्ही.”

पाच मिनिटांत सगळी कचेरी रस्त्यावर गुडघ्यांवर होती. वरून कुणीतरी नववर्षाची सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, ओतत होतं. “तारखा नकोत, वेळा बघा, वेळा!” साहेब ओरडत होते. चाळीस पानं सापडली. वालीसास या किनाऱ्यावरच्या गावाच्या मार्गाचं पान गेलं ते गेलंच. निबियाबाईंनी पेन्सिल काढली आणि भिंतीला कागद टेकवून त्या मार्गाचं १९८३चं वेळापत्रक तोंडपाठ लिहून दिलं.

“इतकं जुनं चालेल का हो, बाई?” साहेबांनी गुडघे झटकत विचारलं.

“समुद्र हलवलाय का तुम्ही?”

उन्हाळाभर चाळीस मार्गांवरून तक्रारी आल्या. वालीसासच्या बसबद्दल एकही नाही. त्याचं श्रेय साहेबांनी अहवालात कंटेनरांना दिलं.