सटवोजीरावांचे पाच बार आणि सहावी हंडी

श्रीगजानन, श्रीखंडेराव आणि शिलेखान्याच्या उंबऱ्यावरील मुंजाबा यांस वंदन करोन हकीगत लिहितो. ऐकणारांनी कान घेऊन यावे, शंका घरी ठेवाव्या. शके अठराशे पाच, सुभानुनाम संवत्सरे, आश्विन मासी, एका राज्यात (नाव घेतले तर शेजारची राज्ये रुसतील, म्हणोन घेत नाही) सटवोजीराव सरदार शिलेखान्याचे, म्हणजे हत्यारांच्या कोठाराचे, मुखत्यार होते. दर्यापार पश्चिमेस ऐसा मुलूख आहे की तेथे गुराखी काठीऐवजी पिस्तूल लावोन गुरे राखितात. तेथील सहाबारी पिस्तुलांचा रावांस नाद लागला आणि तीन कपाटे भरली. या पिस्तुलांची तऱ्हा अशी की नुसता चाप ओढोन बार होणे नाही. दर बारास आधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा, तो चट् चट् चट् चट् बोलावा, चक्र एक घर फिरावे, मग चाप. राव तो बोल ऐकोन डोळे मिटीत आणि म्हणत, "वाहवा! पखवाजाचा तुकडाच!" एक हस्तिदंती मुठीची, तिचे नाव गजगौरी, एक सांबरशिंगी, आणि एकीची नळी इतकी लांब की राव वेशीत असता तिचे तोंड बाजारात पोहोचे आणि माळिणी टोपल्या उचलोन तिला वाट देत.

ही विद्या रावांस एका सर्कशीतील लाल मिशांच्या गुराख्याने दिली. तो बोलिला, "सरदार, घरे सहा, पण भरावी पाच. घोडा ज्या घरावर टेकतो ते रिकामे ठेवावे. भरल्या घरावर टेकला आणि धक्का बसला, तर बार होतो. हे मला कळले नव्हते तेव्हा या पायास पाच बोटे होती." आणि जोडा काढोन चार दाखविली. तेव्हापासोन राव पाचच भरीत आणि रिकाम्या घरात लवंग ठेवीत. नेमबाजी संपली की ती दाढेखाली जाई.

खंडेनवमीस शस्त्रपूजा जाहली, आणि कारभारी विसाजीपंत श्रीमंतांस मुजरा करोन बोलिले, "महाराज, वाड्यातील दारांस कड्या नाहीत, मांजरे आत येऊन दूध पितात. आणि रावांची तीन कपाटे लोखंड नुसते चट् चट् करिते! वितळवोन कड्या कराव्या." राव गजगौरी पुढे करिते जाहले. ते बोलिले, "पंत, एकदा हाती तर धरा!" "धरतो की! तुमच्यापरीस नेमही धरतो!" श्रीमंतांस तमाशाची हौस मोठी. आज्ञा जाहली, उद्या दसऱ्यास दोघांपुढे ताकाच्या सहा सहा हंड्या टांगाव्या; पिस्तुले रावांच्याच कपाटातील; डेऱ्यात भरावी, कमरेस खोवावी, मुजरा करावा, मग बार; मागाहोन भरणे नाही. पंत जिंकले तर कड्या, राव जिंकले तर कपाटे वंशपरंपरा.

दसऱ्यास राव डेऱ्यात बसले. पाच गोळ्या घातल्या, सहावी घातली, काढली, पुन्हा घातली. त्यांच्या पत्नी चिमाबाईसाहेब विडे करीत होत्या, त्या बोलिल्या, "अहो, आज तरी राहू द्या आत! हंडी काय लवंगेने फुटायची आहे?" रावांच्या डोळ्यांपुढे चार बोटांचे पाऊल आले. "कपाटे गेली तर रडेन, पण भरल्या घरावर घोडा टेकवोन श्रीमंतांपुढे वाकणे माझ्याने होणार नाही." "मग घ्या!" म्हणोन बाईंनी डब्यातील सर्वांत टपोरी लवंग निवडोन हाती दिली. मग राव पंतांकडे गेले आणि बोलिले, "पंत, वैर बाजूस ठेवा, पाचच भरा." पंत हसोन पोट धरिते जाहले, "हंड्या सहा आणि गोळ्या पाच? मी काय सहावीस एकादशी घडवू?" आणि सहाही घरे भरोन गजगौरी रेशमी शेल्यात खोवली.

मग नगारा झडला आणि उभयतां मुजऱ्यास वाकले. पंतांचे पोट पुढे, शेला निसरडा; गजगौरी सुटली आणि घोड्यावरच फरसबंदीस आपटली. धडाम! गोळीने पंतांच्या पगडीचा तुरा नेला, नगाऱ्यास भोक पाडिले, देवडीच्या घंटेस ठण् करोन वळली, पिंपळास वळसा घातला, आणि येऊन रावांची सहावी हंडी फोडिली. ताक श्रीमंतांच्या मिशांवर उडाले. रावांनी पाहिले, पुढे हंड्या पाच आणि चक्रात गोळ्या पाच. मग जो अंगठा चालिला! चट् चट् चट् चट् धडाम, चट् चट् चट् चट् धडाम. एकही हंडी उरली नाही. पंतांनी गजगौरी उचलिली, पण एका हाताने पगडी चाचपीत ऐसा नेम धरिला की पाच बार गेले आणि पाच कावळे उडाले, हंडी एक हलली नाही.

पंत ओरडले, "महाराज, सहावी माझ्या गोळीने फुटली!" श्रीमंत मिशांचे ताक चाटोन बोलिले, "खरे आहे. आजच्या दिवसात तुमचा तेवढाच नेम लागला, तोही रावांच्या बाजूने. कपाटे रावांची!" मग हशा ऐसा उठला की पिंपळाची पाने झडली.

चार दिवसांनी पंत एकटेच शिलेखान्यात आले आणि पगडी चाचपीत बोलिले, "राव, तो आवाज... एकदा माझ्या अंगठ्याने काढू द्याल?" रावांनी गजगौरी रिकामी करोन हाती दिली. पंतांनी घोडा ओढिला. चट् चट् चट् चट्. पंतांचे डोळे आपोआप मिटले. राव बोलिले, "घेऊन जा, आजपासोन तुमची." पंतांनी तिला छातीशी धरिले, दारापर्यंत गेले, आणि तेथे विडे घेऊन आलेल्या चिमाबाईसाहेबांस हळूच बोलिले, "वहिनी, एक लवंग मिळेल?"

येणेप्रमाणे घडले ते लिहिले. एका रिकाम्या घराने तीन कपाटे राखिली आणि वैऱ्याचा सोबती केला. दारांस कड्या अद्याप नाहीत. मांजरे दूध पितात, सुखे पिवोत.