न बिघडणारे व्हायोलिन

हवा बदलली की सच्च्या वाद्याने बिघडलेच पाहिजे, असा संगीतगृहाच्या मान्यता समितीचा नियम होता. थोरलीला तो ठाऊक नव्हता. तिने आणि धाकट्या बहिणीने मिळून कार्बन फायबरचे व्हायोलिन घडवले आणि भोळेपणाने समितीपुढे नेऊन ठेवले.

थोरली काळे कापड साच्यात थरावर थर बसवी, त्याला रेझिनचा चिकट रस पाजी आणि भट्टीत भाजी. धाकटी ते ओल्या पॉलिश पेपरने असे घासी, की त्यात बघून भांग पाडावा. शेड मात्र दादाची. त्याने बजावले होते, "शिक्का मिळाला तर वाजवा तुमचं तुणतुणं. नाहीतर सोमवारपासून याच भट्टीत आंघोळीचे टब. टबाला कुणी मान्यता मागत नाही."

समितीने व्हायोलिन आधी वाफेत ठेवले, मग बर्फात. सूर तसूभर हलला नाही. चिटणिसाने शेरा मारला, 'वाद्यास हवामानाची जाणीव नाही. सबब संवेदनाशून्य. नामंजूर.'

"अहो, पण सुरात आहे ना?" थोरली म्हणाली.

समितीचे अध्यक्ष म्हणजे शहरातले सर्वांत बुजुर्ग वादक. त्यांना तिची कीव आली. "बाई, मैफलीत पहिला तासभर मी खुंट्या पिळतो. लोक माना डोलावतात. तुझं हे लगेच वाजायला लागतं. मग मी वाजवू काय?"

शेडवर येताच धाकटी भडकली. "ताई, एवढं जीव ओतून केलेलं आता बिघडवायचं?"

"मग टब घासतेस?"

धाकटीने पेपर उचलला. खुंट्या तिने इतक्या गुळगुळीत केल्या, की तार चढवावी आणि तिने आपणहून उतरावे.

समितीने पुन्हा तपासले. 'बिघाड स्तुत्य. परंतु चारही तारा एकाच वेगाने उतरतात. यात शिस्त आहे, कला नाही.' थोरलीने प्रत्येक खुंटी वेगळी घासवून घेतली. 'सुधारणा आहे. मात्र जाणकार हात लागताच वाद्य सुरात येते. अध्यक्षांच्या प्रतिष्ठेस बाधक.' तेव्हा बहिणींनी व्हायोलिनची मानच लेचीपेची केली. एक तार ताणली की मान वाके आणि बाकीच्या तिन्ही ढिल्या पडत.

शिक्का बसला. वर 'जिवंत वाद्य' असा किताबही मिळाला. दादाने टबांचे गिऱ्हाईक परत पाठवले. आणि थोरली? भेटेल त्याला ती सांगू लागली, "सुरात काय, कुणीही करील. हे असं बिघडवायला साधना लागते."

पहिल्या मैफलीत अध्यक्ष सबंध संध्याकाळ खुंट्या पिळत राहिले. लोक माना डोलावत राहिले. अखेर चुकून चारही तारा एकदम जुळल्या. अध्यक्ष दचकले. त्यांनी घाईघाईने व्हायोलिन खाली ठेवले आणि हात जोडले. टाळ्यांनी छत उडायचे बाकी राहिले.

तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ डोळे टिपत होते. शेजारून बायकोने हळूच विचारले, "अहो, पण सुरू कधी झालं?"

"तू गप्प बस. त्याला कान असावा लागतो."

पडद्याआडून थोरलीने त्या गृहस्थांना नीट पाहून ठेवले आहे. रस्त्यात भेटलात तर ते तुम्हीच, हे ती लगेच ओळखेल.