यादीतर्फे अर्ज आला नाही

पाळणाघरासाठी सर्व्हर भाड्याने घेतला त्या दिवशी पडद्यावर एक पिवळी चौकट आली होती. 'या यंत्रात राखीव जागा नाही. मेमरी संपल्यास यंत्र एखादे काम स्वतःच्या अधिकारात बंद करील.' गुंड्याच्या आईने ती वाचली, खालचे 'समजले' हे बटण दाबले आणि मांडीवरच्या गुंड्याच्या तोंडातून माउसची वायर काढून घेतली. अशा सूचना दिवसाला दहा येतात. सगळ्या मनावर घेतल्या तर पोर सांभाळायचं कधी?

तिचे शिक्षण संगणकशास्त्रातले. पाळणाघराच्या प्रवेश-अर्जात तिने हे प्रामाणिकपणे लिहिले आणि तिथेच फसली. पालक समितीने एकमताने ठराव करून 'आहार यादी' संगणकावर आणण्याचा मान तिला दिला. तोवर यादी मुलांना भरवणाऱ्या मावशींच्या डोक्यात होती. एकवीस मुले, कोणाला काय चालते, कोण चमच्याने पिते, कोण चमचा भिरकावते, सगळे तोंडपाठ. गुंड्याला दूध चालत नसे. घोटभर पोटात गेले की अंगभर चट्टे उठत आणि श्वास कोंडे. "मावशी उद्या आजारी पडल्या तर?" असे समितीचे अध्यक्ष म्हणाले, तेव्हा तिनेही होकार दिला होता.

म्हणून एक छोटा लिनक्स सर्व्हर भाड्याने घेतला. एक जीबी मेमरी. म्हणजे एकट्या माणसाची खोली. यादी तिथे सुखाने नांदत होती. मुलाच्या नावावर बोट ठेवायचे, पदार्थ निवडायचा. चालत असेल तर पडदा हिरवा, नसेल तर लाल. हिरवा झाल्याशिवाय घास नाही, असा लेखी नियमही झाला.

"पण यादी चालू आहे हे समितीला कसं कळणार?" अध्यक्षांनी विचारले. म्हणून यादीवर लक्ष ठेवणारा 'निगराणी' नावाचा प्रोग्रॅम बसवला. निगराणीने काय पाहिले ते पालकांना कळावे म्हणून 'अहवाल' आला. पाठोपाठ अध्यक्षांचे 'मनोगत' आले, तेही हलत्या चित्रासह. एका खोलीत चार बिऱ्हाडे झाली.

पंधरवड्यात व्हायचे तेच झाले. 'मेमरी देता येत नाही' असे सांगून सर्व्हरने यादी बंद केली. गुंड्याच्या आईने यादी परत चालू केली आणि यंत्राची नोंदवही उघडून पाहिली. जागा संपली की लिनक्स, म्हणजे सर्व्हर चालवणारी प्रणाली, सर्वांत जास्त जागा कोणी अडवली आहे ते बघतो आणि बहुधा त्यालाच संपवतो. यादी काम करत होती, त्यामुळे जागा तिनेच अडवली होती. बाकीचे नुसते बघत होते.

समितीची तातडीची बैठक आठ दिवसांनी भरली.

"यादी बंद पडली हे कोणी कळवलं?" अध्यक्षांनी विचारले.

"निगराणीनं."

"बघा! म्हणजे निगराणी चोख आहे. आणखी एक बसवा."

"अहो, तिनंच तर जागा खाल्ली! त्यापेक्षा मी डिस्कवर थोडी राखीव जागा काढते. चार कमांड, पाच मिनिटांचं काम."

"जागेचा विषय जागा उपसमितीचा," पाळणाघराच्या संचालिकाबाई म्हणाल्या. "ती नेमली की लगेच घेऊ."

"मग निदान यादीला अभय द्या. कोणाला हात लावायचा नाही, ते यंत्राला सांगता येतं."

ही तिची दुसरी चूक. 'अभय' हा शब्द समितीला फारच आवडला. लगोलग 'अभय मिळणेबाबत अर्ज' छापून आला. दोन प्रतींत, विभागप्रमुखाच्या सहीनिशी. दोन्ही निगराण्यांनी अर्ज केला, अहवालाने केला, मनोगताने तर सर्वांआधी केला. सर्व्हरचा पासवर्ड एव्हाना सुरक्षेसाठी संचालिकाबाईंच्या कपाटात, सीलबंद पाकिटात गेला होता. तो बाहेर काढून, मागे दोन सभासद उभे करून, तिच्याच हातून चौघांना अभय देववले आणि पाकीट परत बंद केले.

"आणि यादी?"

"यादीतर्फे अर्ज आला नाही."

"मी करते ना!"

"तुम्ही विभागप्रमुख नाही. यादी कोणासाठी आहे?"

"मुलांसाठी."

"मग मुलांची सही आणा."

मंगळवारी अकरा वाजता ती आपल्या कचेरीत असताना फोनवर निगराणीचा निरोप आला. 'यादी बंद. निगराणी सुरळीत.' तिने तडक पाळणाघरात फोन लावला. तिथे त्याच आठवड्यात रुजू झालेल्या ताईने उचलला.

"यादी चालत नाहीये ना गं?"

"छे हो, पडदा हिरवागार आहे! 'सर्व सेवा सुरळीत' असं लिहिलंय मोठ्या अक्षरांत."

"तो अहवालाचा पडदा आहे! गुंड्याला काय देतेयस?"

"दूध. हिरवं आहे म्हणून."

"थांब! कप खाली ठेव!"

पलीकडे काहीतरी आदळले, सांडले. मग मावशींचा आवाज. "अगं, त्याला नको! आण इकडं ते!" आणि थोड्या वेळाने, धापा टाकत, फोनवर: "थेंबसुद्धा गेला नाही पोटात, गुंड्याची आई. रडू नका. हा बघा, माझ्याच पदराला तोंड पुसतोय लबाड."

ती कचेरीतून तशीच पाळणाघराकडे निघाली.

चौकशी रीतसर झाली. पडदा हिरवा असताना मावशींनी कप हिसकावला, हा नियमभंग सिद्ध झाला. शिवाय अहवालाने आलेखासह दाखवले की पाळणाघरातली निम्म्याहून अधिक कामे एकट्या मावशींनीच अडवून ठेवली आहेत. एका जागी एवढा भार बरा नव्हे, असे ठरले. मावशींना सोमवारपासून घरी बसवले. निर्णयाखाली गुंड्याच्या आईला विरोध नोंदवायचा होता. त्यासाठी रकाना नव्हता.

तिने गुंड्याला तिथून काढले आणि उरलेल्या वीस आयांना एकेक करून फोन केला.

"काय सांगता! फोनवर तर सगळं सुरळीत दाखवतंय," विसावी म्हणाली. आधीच्या एकोणीस जणीही हेच म्हणाल्या होत्या.

आता तिने तुम्हाला गाठले आहे. फोन बाजूला ठेवा, चपला घाला आणि तुमच्या पोराला आज घास कोण भरवतंय ते बघून या. भरवणाऱ्या मावशी अजून तिथे असतील तर त्या जेवल्या का तेही विचारा. आणि नसतील, तर त्यांच्या घरचा पत्ता शोधा. तो पाळणाघरात कोणाकडेही नसेल.